भरलेली गाडी, तापलेला रस्ता

सुट्टी लागली की आजोळी, आत्याकडे, मोठ्या भावाकडे जायचे बेत ठरतात आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी मायलेजबद्दल विचारणारे वाचक ‘पोहोचू ना नीट?’ असं विचारू लागतात. शंका रास्त आहे. वर्षभर एकदोघांना घेऊन गावातल्या गावात फिरलेली गाडी एका सकाळी पाच माणसं, गच्च डिकी आणि टपावर बॅगा घेऊन भर उन्हात शेकडो किलोमीटर निघते. वजन आणि उष्णता दोन्ही एकाच दिवशी अंगावर येतात. या वेळच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ तिथेच आहे.

प्रश्न : टायरवर हवेच्या दाबाचा आकडा ५१ पीएसआय असा छापला आहे, दाराच्या स्टिकरवर ३३ लिहिलं आहे आणि पंपावरचा मुलगा विचारल्याशिवाय ३५ भरतो. उन्हात हवा फुगते म्हणून लांबच्या प्रवासाला दोन-तीन पॉइंट कमीच ठेवावी, असं आमचे मामा सांगतात. नेमकं ऐकायचं कोणाचं?

स्टिकरचं. टायरच्या कडेवर छापलेला आकडा हा त्या टायरला सोसणारा कमाल दाब आहे, तुमच्या गाडीसाठीची शिफारस नव्हे. तोच टायर चार वेगवेगळ्या गाड्यांना बसतो, त्यामुळे टायर बनवणाऱ्याला तुमच्या गाडीचं वजन ठाऊक नसतं. शिफारस असते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. ते स्टिकर पुन्हा एकदा नीट वाचा. बहुतेक गाड्यांना तिथे दोन ओळी असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि दुसरी पूर्ण भारासाठी. दुसऱ्या ओळीत मागच्या टायरांचा आकडा बऱ्याचदा चांगलाच जास्त असतो. सुट्टीच्या प्रवासाला ही दुसरी ओळ लागू होते आणि नेमकी तीच कोणी पाहत नाही.

हे सगळे आकडे थंड टायरचे आहेत. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली, उन्हात तापलेलीही नाही. तापमान ५-६ अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआयने वाढतो, आणि हायवेवर तासभर चालल्यावर ४ ते ६ पीएसआयची वाढ अगदी नेहमीची आहे. ही वाढ धरूनच स्टिकरवरचा आकडा ठरवलेला असतो.

मामांचा सल्ला इथे उलटा पडतो. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेरीला जास्त दुमडते. तार सतत वाकवत राहिलं की ती गरम होते, तसंच इथे होतं. रबर तापतं, आतले थर एकमेकांपासून सुटायला लागतात आणि टायर फुटतो. उन्हाळ्यात भरल्या गाडीचे टायर फुटतात ते बहुतेकदा कमी हवेमुळे. म्हणूनच वाटेत थांबल्यावर आकडा जास्त दिसला तरी गरम टायरमधली हवा सोडू नका. पंप घरापासून लांब असेल आणि तिथे पोहोचेपर्यंत टायर तापत असतील, तर स्टिकरपेक्षा ३-४ पीएसआय जास्त भरून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या गेजने पुन्हा पाहा. गेज स्वतःचा असावा, पंपावरच्या मीटरांचं आपसात जमतंच असं नाही.

टायरजवळ वाकलाच आहात तर आणखी दोन गोष्टी बघून घ्या. नक्षीच्या खाचांमध्ये आडवे छोटे उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते आणि नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. शिवाय कडेवर चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. सहा वर्षं उलटून गेली असतील तर नक्षी शाबूत असली तरी टायरवाल्याकडून कडेच्या भेगा तपासून घ्या. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण म्हातारे होतात.

स्टेपनीतली हवाही पाहायची. ती पूर्ण आकाराची असेल तर स्टिकरवरच्या सर्वांत मोठ्या आकड्याइतकी भरून ठेवा, कमी करणं केव्हाही सोपं. बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिला सहसा ६० पीएसआय लागतात आणि तिच्यावर ताशी ८०च्या वर जायचं नसतं.

प्रश्न : पाच मोठी माणसं आणि पाच जणांच्या बॅगा. छोट्या हॅचबॅकला कॅरिअर लावून सामान टपावर टाकलं तर चालेल का?

जागा आहे म्हणून वजन चालतं असं नाही. गाडीच्या पुस्तिकेत दोन आकडे शोधा, रिकाम्या गाडीचं वजन आणि कमाल एकूण वजन. समजा ते ९८० आणि १,४१० किलो आहेत. तर माणसं धरून तुमच्या हाती ४३० किलो उरतात. सरासरी ७० किलोंची पाच माणसं म्हणजे ३५०. सामानाला राहिले ८०. पाच बॅगा प्रत्येकी १५ किलोंच्या धरल्या की ७५ झाले, आणि पाण्याचे कॅन अजून मोजलेलेच नाहीत.

टपाची मर्यादा वेगळी असते, अनेक गाड्यांना ५० ते ७५ किलो, आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही येतं. टपावर हलक्या पण जागा खाणाऱ्या वस्तू टाका, म्हणजे अंथरुणं-पांघरुणं, कपड्यांच्या मऊ बॅगा. जड बॅगा डिकीत तळाला, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवा. जड सामान वर गेलं की वळणावर गाडी जास्त कलंडते. ताडपत्रीच्या दोऱ्या पहिल्या २०-२५ किलोमीटरनंतर एकदा थांबून ओढून पाहायच्या. वाऱ्याने सामान दबतं आणि दोर सैल पडतो.

मागच्या काचेखालच्या फळीवर काहीही ठेवू नका. करकचून ब्रेक लागला की पाण्याची भरलेली बाटली तिथून थेट पुढच्या माणसाच्या डोक्यावर येते.

हेडलाइटच्या छोट्या चाकाबद्दल मात्र कुणीच विचारत नाही. स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांचं एक चाक असतं. डिकी भरली की गाडीची मागची बाजू बसते, पुढची उचलली जाते आणि दिव्याचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. ते चाक भारानुसार २ किंवा ३ वर न्या. समोरचे सगळे आपल्याला डिपर का मारताहेत, हे कोडं तिथेच सुटतं.

प्रश्न : मागच्या उन्हाळ्यात चढावर तापमानाचा काटा लाल पट्टीला भिडला. रेडिएटरचं झाकण उघडू की नको, पाणी ओतू की नको, काहीच सुचेना. यंदा आधीच विचारून ठेवतो.

काटा मधल्या जागेवरून सरकायला लागला की लगेच एसी बंद करा आणि काचा उघडून हीटर पूर्ण गरमवर, पंखा पूर्ण वेगावर लावा. आत भट्टी होईल, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनातली उष्णता खेचून आत आणतो. तरीही काटा उतरत नसेल तर सुरक्षित जागा पाहून थांबा. वाफ दिसत असेल किंवा काटा लालमध्ये असेल तर इंजिन बंद करा. ‘एवढा चढ संपला की थांबू’ म्हणणाऱ्यांच्या गाडीचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकतं, त्याखालची सील, म्हणजे हेड गॅस्केट, जाते आणि सुट्टीच्या खर्चाहून मोठा खर्च गॅरेजात होतो.

झाकण लगेच उघडायचं नाही. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, दाबाखाली असतो म्हणून उकळत नाही. पाणी आणि ग्लायकॉलचं निम्मं-निम्मं मिश्रण साधारण १ बार जादा दाबाखाली १२९ अंशांच्या आसपास जाऊन उकळतं, उघड्यावर १०७ अंशांना. झाकण फिरवलंत की दाब एका क्षणात जातो, सगळा द्रव एकदम उकळतो आणि तोंडावर उडतो. बॉनेट उघडून किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरची रबरी नळी हाताने दाबल्यावर कडक लागत असेल तर दाब अजून आत आहे. ती मऊ झाली की जाड फडकं टाकून झाकण थोडंसं फिरवा, सुस्कारा ऐकू येऊ द्या, मग पूर्ण काढा. तापलेल्या इंजिनात गार पाणी भसकन ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो. इंजिन निवल्यावर थोडं थोडं ओता. नुसतं पाणी चालेल, पण गावाला पोहोचलात की कूलंटचं प्रमाण नीट करून घ्या.

बिघाड कुठे आहे याचा अंदाज बसल्या जागी करता येतो. गाडी गर्दीत गरम होते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर रेडिएटरच्या पंख्याकडे पाहा. फ्यूज, रिले किंवा मोटर गेलेली असते. उलट मोकळ्या रस्त्यावर वेगात किंवा चढावरच गरम होत असेल तर रेडिएटर आतून गाळाने किंवा बाहेरून धुळीने, किड्यांनी चोंदला असावा, किंवा थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे कूलंट सोडणारी झडप, पूर्ण उघडत नसावा. टाकीतला कूलंट दर महिन्याला थोडा थोडा कमी होत असेल तर गळती आहे. वरून भरत राहणं हा इलाज नव्हे. ही तपासणी निघण्याआधी आठ-दहा दिवस करा. आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये नेलेल्या गाडीत नवीन बसवलेल्या भागाची परीक्षा हायवेवर होते.

प्रश्न : घाट उतरताना ब्रेकचा जळका वास आला आणि पेडल मऊ लागलं. नंतर सगळं ठीक झालं. दुर्लक्ष केलं तर चालेल?

नाही. वास ब्रेक पॅडचा होता. मऊ पेडल मात्र ब्रेक ऑइल उकळल्याची खूण असू शकते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो आणि ब्रेक लागत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवीन डॉट ३ (डब्यावर छापलेली प्रत) ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरल्यावर हीच मर्यादा १४०वर येते. डॉट ४साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. दोन वर्षांत बदललं नसेल तर या प्रवासाआधी बदला आणि पॅडची जाडीही पाहून घ्या.

उतारावर ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर खालचा गिअर धरून ठेवणारा एल, २ किंवा मॅन्युअल मोड वापरा. ब्रेकवर पाय सतत घासत ठेवू नका. वेग वाढला की ठाम दाबा, कमी झाला की पूर्ण सोडा. वास आलाच तर थांबून अर्धा तास निवू द्या, चाकांवर पाणी मारू नका.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीला गाडी लागते. निघाल्यापासून अर्ध्या तासात ओकारी. मोबाइलवर कार्टून लावून देतो, रिकाम्या पोटी नेतो, उलटीची गोळी देतो. काहीच उपयोग होत नाही.

या तिन्ही उपायांत थोडी थोडी चूक आहे.

आतल्या कानातलं तोल सांभाळणारं यंत्र ‘आपण हलतोय’ असं सांगतं आणि स्क्रीनवर खिळलेले डोळे ‘आपण स्थिर आहोत’ असं सांगतात. या भांडणातून मळमळ सुरू होते. कार्टून म्हणजे आगीत तेल. दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वांत जास्त असतो, पुढे बहुतेकांचा कमी होतो. मुलीला मागच्या सीटवर अशा जागी बसवा जिथून समोरच्या काचेतून लांबचा रस्ता दिसेल. ती बुटकी असेल तर बूस्टर सीटने पट्टाही नीट बसतो आणि नजरही वर येते. बाजूच्या खिडकीतून झरझर पळणारी झाडं बघण्याने त्रास वाढतो. डोळे मिटून डोकं टेकवलं तरी बरं वाटतं. कानांवर चालणारे खेळ खेळा, गाण्याच्या भेंड्या, ओळखा पाहू, गोष्ट पुढे न्या. पुस्तक आणि चित्रं बंद.

रिकामं पोट आणि तुडुंब पोट दोन्ही वाईट. निघण्याआधी तासभर थोडंसं कोरडं, बिनतेलाचं खायला द्या, वाटेत घोट-घोट पाणी. गाडीतला सुगंधी डबा काढून टाका. ड्रायव्हरने वेग एकसारखा ठेवणं हे निम्मं औषध आहे. धसकन ब्रेक आणि झपकन वेग घेणाऱ्याच्या गाडीत धडधाकट माणसालाही मळमळतं.

आता गोळी. मुलांच्या पोट बिघडण्यावर सर्रास दिलं जाणारं ओंडान्सेट्रॉन गाडी लागण्यावर फारसं चालत नाही, कारण ही उलटी वेगळ्या वाटेने येते. यावर डायमेनहायड्रिनेटसारखी औषधं वापरतात आणि ती निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी द्यावी लागतात. मळमळ सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकतच नाही. मात्रा मुलीच्या वजनानुसार डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना कधीही देऊ नये, त्याने श्वास मंदावू शकतो. या सगळ्या गोळ्यांनी झोप येते, तेव्हा गाडी चालवणाऱ्याने त्या घ्यायच्या नाहीत. आणि जाड पिशव्या, ओले रुमाल, एक जादा फ्रॉक हाताशी ठेवा, डिकीच्या तळाशी नव्हे.

प्रश्न : ऊन टाळायला रात्री दोनला निघावं म्हणतो. रस्ताही मोकळा मिळतो.

गाडीला ते सोयीचं, शरीराला नाही. पहाटे दोन ते सहा ही झोपेची सर्वांत गाढ वेळ असते, दुसरी छोटी गुंगी दुपारी दोन ते चारच्या सुमारास येते. दिवसभर काम, संध्याकाळी बांधाबांध आणि मग स्टिअरिंग, असं केलं की तुम्ही १७-१८ तास जागे असता. सलग १७ तास जागं राहिल्यावर चालवणाऱ्याची अवस्था रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते, असं प्रयोगांत दिसलं आहे. ताशी ९०च्या वेगात गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ७५ मीटर कोणीच चालवत नाही.

रात्री नऊला झोपा, पाचला निघा, सकाळी अकरा-साडेअकरापर्यंत मोठा टप्पा उरका. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबा. मॅपवरच्या वेळेत हे थांबे नसतात, म्हणून ‘सात तास’ दिसलं तर पाहुण्यांकडे साडेआठ-नऊ तास सांगा. त्यांनी जेवायचं थांबावं लागू नये आणि तुम्ही वेळ गाठायला गाडी पळवू नये. वाटेत डोळे जड झाले तर खिडकी उघडून किंवा मोठ्याने गाणी लावून झोप जात नाही. एक कप कॉफी घेऊन लगेच वीस मिनिटं झोपा. कॉफीचा असर व्हायला तेवढाच वेळ लागतो.

बंद गाडीत पाच जणांचा श्वास साठला की त्यानेही गुंगी येते. एसीचं ‘आतली हवा फिरवा’ हे बटण दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडा वेळ बंद करून बाहेरची हवा घ्या.

प्रश्न : आई इन्शुलिन घेते, पायांना सूजही येते. नऊ तासांचा प्रवास आहे.

वापरात असलेलं इन्शुलिन बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांच्या खाली सुमारे चार आठवडे टिकतं, नेमका आकडा खोक्यातल्या कागदावर पाहा. मोठा धोका दोन जागी असतो, उभ्या गाडीचा डॅशबोर्डचा कप्पा आणि बर्फाला चिकटलेली बाटली. एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावरही फेकूनच द्यायचं. ते फडक्यात गुंडाळून थंड डब्यात ठेवा, बर्फाला थेट लागू देऊ नका, आणि थांबाल तेव्हा डबा सोबत उतरवा. साखर उतरली तर लगेच घेता येईल असं १५ ग्रॅम ग्लुकोज आईंच्या स्वतःच्या हाताशी हवं.

चार तासांहून अधिक बसून राहिलं की पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. दर दोन तासांनी पाच मिनिटं चालवा, मधल्या वेळात टाच-चवडा वर-खाली करायला सांगा. वारंवार उतरावं लागू नये म्हणून पाणी कमी पिणं किंवा लघवीची गोळी मनाने चुकवणं, हे दोन्ही आया हमखास करतात. गोळीची वेळ बदलायची तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : झोपलेल्या मुलाला एसी चालू ठेवून गाडीत ठेवलं आणि पाच मिनिटांत पाणी घेऊन आलो तर?

नको. इंजिन बंद पडलं, मुलाने बटण दाबलं, दार आतून लॉक झालं, काहीही होऊ शकतं. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात उन्हात उभ्या गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली. काच बोटभर उघडी ठेवूनही फार फरक पडला नाही. मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं.

याच गाडीत तान्हं बाळ मांडीवर घेऊन बसायचं का, असंही दोघींनी विचारलं आहे. ताशी ५०च्या धडकेत वजन सुमारे ३० पटींनी ओढलं जातं. दहा किलोंचं बाळ ३०० किलोंचं होतं, ते कोणाच्याही हातात राहत नाही. मागे तोंड असलेली बेबी सीट मागच्या सीटवर लावा, चालू एअरबॅगसमोर कधीच नाही, आणि दर दोन तासांनी बाळाला बाहेर काढून आडवं करा.

प्रश्न : गाडी विजेची आहे. ४० युनिटची बॅटरी. कंपनी म्हणते ३०० किलोमीटर.

हायवेवर शंभर किलोमीटरला १५ युनिट धरा. घरून १०० टक्क्यांवर निघून २०वर थांबलात तर ३२ युनिट, म्हणजे २१० किलोमीटर. त्यानंतरचा प्रत्येक टप्पा ८० ते २० टक्के असा धरा, म्हणजे २४ युनिट आणि १६० किलोमीटर. ८०च्या पुढे चार्जिंग मंदावतं, तिथे बसून राहण्यात वेळ जातो. ताशी ८०ऐवजी १००ने गेलात की हवेचा विरोध ५६ टक्क्यांनी वाढतो, टपावर बॅगा असतील तर आणखी. जिथे जायचं आहे त्यांच्याकडे अर्थिंग नीट असलेला १५ किंवा १६ अँपिअरचा सॉकेट पार्किंगजवळ आहे का, हे फोनवर आधीच विचारा. रात्रभर लावल्यास त्यातून २० ते २५ युनिट सहज मिळतात. घरातली साधी एक्स्टेंशन वायर वापरू नका. इतके तास पूर्ण करंट वाहिला की ती वितळते.

प्रश्न : परतीच्या प्रवासाला वेगळी तयारी लागते का?

टायर पुन्हा सकाळी थंड असताना मोजा आणि कूलंटची पातळी बघा. गाडी चार-पाच दिवस उभी राहिली असेल तर बॅटरीही तपासा. इंजिन बंद असताना १२.४ व्होल्टच्या वर असावी, चालू केल्यावर १३.८ ते १४.५. उभ्या जागी खाली तेलाचा किंवा रंगीत पाण्याचा डाग पडलाय का तेही पाहा. आणि पुन्हा वजनाचं गणित करा. प्रेमाने दिलेल्या पिशव्या, डबे, गोण्या कोणी नाही म्हणत नाही, पण जाताना वजनाच्या गणितात शिल्लक राहिलेले ते पाच किलो आता उरलेले नसतात. जड गोणी पार्सलने मागवा.